गुरुवार, अठरा तारीख

प्रश्न दुसरा : आपण आत्ता कुठे आहोत?

सात नंबरच्या पॉलिहाउसच्या दारात. सकाळचे सव्वाआठ. आई आत आहे, आणि दाराला लाल फडकं नाही.

"आई, बाहेर ये."

"का गं? बादली भरायचीय अजून."

"तू आधी बाहेर ये."

गुलाबांच्या ओळीतून तिचं डोकं वर आलं. डोक्याला रुमाल, हातात कात्री, काखेत फुलांचा भारा. तिच्या मागेपुढे आणखी तिघी होत्या. पानापानावर पाणी होतं. थंडीत प्लास्टिकच्या छताला घाम फुटतो आणि तो ठिबकतो, तसंच काही असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं.

लाल फडकं म्हणजे आमच्या कंपनीत कुलूप. गुलाबावर औषध मारून झालं की फवारणारा माणूस त्या पॉलिहाउसच्या दाराला फडकं बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच ते सोडायचं. तोवर साहेब आला तरी आत पाय टाकायचा नाही. पाटी नाही, वही नाही. कुठे, कधी, कोणतं औषध मारलं ते सगळं फडकं बांधणाऱ्याच्या डोक्यात. बारा वर्षं ते डोकं माझ्या वडिलांचं होतं. त्या दिवशी पहाटे घरातून निघताना अण्णा म्हणाले होते, "सातात लाल कोळ्याची कीड पडलीय. आज सातात मारतो." आणि फडकं चार नंबरला होतं. ते बघून मुकादमाने चारच्या बायका सातात घातल्या होत्या.

आईने एका पानाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडे बघितलं.

"चला गं बायांनो," ती मोठ्याने म्हणाली, "आधी चहा घेऊ. फुलं काय पळून जात न्हाईत."

माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "फडकं कुठंय?"

"चारला."

"हलव. मुकादम यायच्या आत हलव."

मी पळाले. अण्णा कायम दुहेरी गाठ मारायचे, नखाने सोडवावी लागायची. ही गाठ एका ओढीत सुटली. फडकं सातला बांधून मी वळले तेव्हा पाण्याच्या टाकीमागे आई ओकत होती. तिसऱ्यांदा ओकून झाल्यावर तिने तोंड पुसलं आणि बायकांना सांगितलं, "पित्त झालंय. राती वांगं खाल्लं."

अण्णा औषध कालवायच्या पिंपाजवळ बसले होते. मांडीवर रिकामी बादली.

"अण्णा, आज कुठं मारलं?"

"चारात."

"अण्णा, सातात मारलंत."

त्यांनी पायातल्या गमबुटांकडे बघितलं, जणू बुटांना विचारत होते. "सातात," ते म्हणाले. "व्हय. सातात." थोड्या वेळाने म्हणाले, "समदी दारं एकसारखी केल्यात गं यांनी."

प्रश्न पहिला : आज वार कोणता? तारीख कोणती?

प्रश्न मी माझ्या क्रमाने घेते आहे. डॉक्टर सबनीसांच्या कागदावर तो वेगळा होता.

फडक्याची गोष्ट मंगळवारची, नऊ जानेवारी दोन हजार सात. दुसऱ्या दिवशी सबनीस मॅडम पहिल्यांदा कंपनीत आल्या. हातात थर्मास, पायात कॅनव्हासचे बूट. शहरातल्या कुठल्याशा संस्थेच्या होत्या. फवारणी करणाऱ्यांच्या डोक्यावर औषधाचा काय परिणाम होतो ते त्यांना बघायचं होतं. रक्त तपासायला कंपनीने नाही म्हटलं होतं. फक्त प्रश्न विचारायची परवानगी होती.

फवारणीला आमच्याकडे तिघं. माझे वडील गेणू वाळुंज, लहू गराडे आणि केदारी. केदारी बोलत कमी. त्याचे हात इतके हलायचे की चहाचा ग्लास तो दोन्ही हातांनी धरायचा, देवाचं तीर्थ घेतल्यासारखा. लहू सगळ्यांच्या वाटचं बोलायचा.

"ही परीक्षा नाही," मॅडम म्हणाल्या. "साधी चाचणी आहे."

"चाचणी म्हंजे सहामाहीच्या आधी असती ती?" लहूने विचारलं. "तीत मी तवाच नापास झालोय, मॅडम. परत कशापायी?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. "पुढच्या गुरुवारी येते," म्हणाल्या. "अठराला."

ग्रेडिंग हॉलमध्ये मी फुलांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लिहायचे. अक्षर बरं म्हणून कुलथे साहेबांनी मला मॅडमच्या मदतीला दिलं. मॅडमनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "प्रत्येकाचं नाव, वय, शिक्षण, फवारणीची वर्षं भरून ठेवा. बाकीचं मी विचारीन."

बाकीचं त्याच कागदावर छापलेलं होतं. सगळे प्रश्न.

मी ते चोरले नाहीत. ते आठ दिवस माझ्या टेबलाच्या खणात होते.

संध्याकाळी घरी अण्णांनी भाकरी कुस्करली आणि दूध ओतायचं विसरून ते कोरडा कुस्कराच खात राहिले. आईने गुपचूप दूध ओतलं.

"लहू म्हनतोय," अण्णा म्हणाले, "जो नापास होईल त्याला घरी बशिवनार. आनंदाला बशिवला तसा."

आनंदा त्यांच्या आधी फवारणीला होता. हात थरथरतात म्हणून तोच साहेबांना सांगायला गेला आणि दुसऱ्या दिवशी गेटवर त्याला आत घेतलं नाही.

"बशिवलं तर बशिवलं," आई म्हणाली. "होऊ दे एकदाचं नापास."

"आन् कागदावर काय लिवतील? डोकं गेलं म्हनून लिवतील. शिक्का मारून." अण्णांनी ताट सरकवलं. "आपल्या वाडीतला ज्ञानू ठाऊक हाय का तुला? येडा ज्ञानू? पोरं दगडं मारायची त्याला. म्या बी मारलीत. नेम धरून मारलीत." मग ते माझ्याकडे वळले. "वैजे. मला येडा म्हनून लिवू दिऊ नको."

आई उठून बाहेर गेली. मी खणातला एक कागद घरी आणला होता. तो मी उघडला.

प्रश्न चौथा : शंभरातून सात वजा करा. पुन्हा सात. पुन्हा सात.

त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बाहत्तर. पासष्ट.

जेवणाच्या सुट्टीत, खताच्या शेडमागे. माझी शाळेतली पाटी मी पिशवीतून न्यायचे. तिघंही मांडी घालून बसायचे. कपड्यांना औषधाचा वास. तो वास घरातल्या अंथरुणालाही होता, त्यामुळे वास म्हणून तो मला कळायचा नाही.

"वजाबाकी करायचीच नाही," मी सांगितलं. "पाठ करायचं. पाढ्यासारखं."

"कशाचा पाढा म्हनायचा ह्यो?"

"नापास न होण्याचा. म्हणा. त्र्याण्णव."

"त्र्यान्नव."

"शहाऐंशी."

"शाऐंशी."

केदारी एकोणऐंशीला अडकायचा. रोज तिथेच. डोळे मिटायचा, ओठ हलवायचा, आणि मग त्याच्या डोळ्यातून पाणी यायचं. रडत नव्हता तो. तिघांच्याही डोळ्यांतून आणि नाकातून कायम पाणी यायचं.

"बाई, मुतायला जाऊ?" लहू हात वर करायचा.

"पासष्ट म्हणा आणि जा."

"पासष्ट म्हनंपर्यंत व्हायची हितंच."

चौथ्या दिवसापासून अण्णा एका दमात म्हणायला लागले. नळी ओढताना म्हणायचे, बूट धुताना म्हणायचे. पासष्टनंतर काय, असं मी एकदा विचारलं. ते दचकले. पासष्टनंतर कागदावर काही नव्हतं, म्हणून मी काही शिकवलं नव्हतं.

प्रश्न तिसरा : हे तीन शब्द लक्षात ठेवा. थोड्या वेळाने विचारीन.

चावी. जांभूळ. घोडा. पाचव्या प्रश्नात तेच पुन्हा सांगायचे होते.

लहूने ते पहिल्याच दिवशी बसवून टाकले. "घोड्यानं जांभूळ खाल्लं आन् चावी हगली."

केदारी त्या दिवशी हसला. मी त्याला हसताना एवढंच बघितलं आहे.

तारखेचं मात्र अवघड होतं. आजची तारीख रोज बदलते. आज शिकवली तर उद्या चुकणार. मी विचार केला आणि मला वाटलं मी फार हुशार आहे. परीक्षेचा दिवस ठरलेला होता. मग त्या दिवसाचंच उत्तर शिकवायचं.

"वार कोणता विचारलं तर, गुरुवार. तारीख अठरा. महिना जानेवारी. साल दोन हजार सात."

"पन आज तर शुक्रवार हाय," लहू म्हणाला.

"आजचं कोण विचारतंय तुम्हाला?"

रविवारी सकाळी अण्णा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले. आईने विचारलं, कुठं निघालात? "आज गुरवार न्हवं का? अठरा. मॅडम येनार." आईने माझ्याकडे बघितलं. मी भांडी घासत राहिले.

सोमवारी आई मला नळावर म्हणाली, "तू त्यांना बरं करतीयास का आनखी बिघडवतीयास?"

"चारच दिवस, आई. चार दिवस निभावलं की झालं."

"आन् पाचव्या दिवशी?"

"तूच म्हणालीस ना फडकं हलव?"

ती हंडा घेऊन निघून गेली. तिच्या दंडावर त्या दिवसापासून पुरळ उठलं होतं, सात नंबरमध्ये बाही ओली झाली होती तिथे.

प्रश्न सहावा : मनातलं कोणतंही एक वाक्य लिहा.

हा मी आत्ता अर्धाच सोडवते.

"मनातलं म्हंजे कसलं?" अण्णांनी विचारलं. ते चौथीपर्यंत शिकलेले. पेन्सिल त्यांनी मुठीत धरली, फवारणीची नळी धरतात तशी.

"मनात असेल ते. काहीही."

ते खूप वेळ पाटीकडे बघत राहिले. मग लिहायला लागले. अक्षरं वर जायची, खाली यायची. एक ओळ लिहून होईपर्यंत लहूची अख्खी विडी संपली. मी पाटी घेतली, वाचली, आणि तळव्याने पुसून टाकली.

"असलं लिहायचं नाही, अण्णा. नापास करतील."

"मंग काय लिवू?"

मी पाटीवर ठळक लिहिलं : माझी तब्येत ठणठणीत आहे.

"काय लिवलं हुतं गं त्यांनी?" लहूने विचारलं.

"काही नाही. शुद्धलेखन चुकलं होतं."

मग तिघांनीही तेच वाक्य गिरवलं. ठणठणीतमधले दोन 'ठ' केदारीला जमत नव्हते, हात थरथरून त्यांची गाठोडी व्हायची. मी त्याचा हात धरून गिरवून घेतलं. बुधवारी संध्याकाळी तिघांचीही पाटी मी तपासली. अण्णांचं अक्षर तर इतकं सुधारलं होतं की माझ्या अक्षरासारखं दिसत होतं.

"आलं का मला, बाई?" अण्णांनी विचारलं.

लहू हसला. "आता बापपन बाई म्हनाया लागला!"

मीही हसले.

प्रश्न पहिला, पुन्हा : आज वार कोणता?

गुरुवारी मॅडम आल्या नाहीत. घाटात टँकर उलटला होता, हायवे बंद होता. दुपारी ऑफिसात फोन आला : उद्या येते.

मला हे संध्याकाळी साडेपाचला कळलं. तिघंही सकाळपासून तयार होते. लहूने दाढी केली होती. मी पळत खताच्या शेडमागे गेले.

"उद्या शुक्रवार. एकोणीस. नीट ऐका. शुक्रवार, एकोणीस तारीख."

"गुरवार," अण्णा म्हणाले. "अठरा."

"नाही अण्णा. उद्या विचारणार आहेत. उद्या शुक्रवार."

"गुरवार, अठरा तारीख, जानेवारी, दोन हजार सात."

"अहो अण्णा!"

मी ओरडले. ते घाबरून मागे सरले. आठवडाभर मी त्यांच्या डोक्यात जे ठोकलं होतं ते आता माझ्यानेच निघत नव्हतं. लहूने चार वेळा शुक्रवार म्हणून दाखवलं. पाचव्यांदा विचारलं तेव्हा तोही गुरुवार म्हणाला, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. जोरात मारली. गंमत म्हणून नव्हे.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला ग्रेडिंग हॉलच्या मागच्या खोलीत चाचणी झाली. मी बाहेर बाकावर बसले होते. पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

"आज वार कोणता?"

"गुरवार."

"तारीख?"

"अठरा."

मॅडमचं पेन थांबलेलं मला भिंतीपलीकडून कळलं.

"शंभरातून सात गेले?"

"त्र्यान्नवशाऐंशीएकोनैंशीभात्तरपासष्ट."

मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मी फक्त पहिलंच विचारलं होतं, काका."

कागदावर नसलेला प्रश्न

मॅडमनी मला आत बोलावलं. टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी मांडले होते. तीन ओळी : माझी तब्येत ठणठणीत आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे.

"वैजयंता, हे तुम्ही शिकवलंत?"

"काय?"

"तिघांनीही गुरुवार सांगितला. तिघांनीही अठरा. विसरणारी माणसं वेगवेगळं विसरतात. अशी एकसारखी नाही विसरत."

मी टेबलावरचे तीन कागद एकावर एक ठेवले.

"घरी वडिलांचं काही वेगळं जाणवतं? गोष्टी ठेवून विसरणं, रस्ता चुकणं, चिडणं? माणसं ओळखताना अडखळणं?"

"नाही."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"त्यांच्या डोक्यात सगळं असतं, मॅडम. कधी कुठे औषध मारलं ते सगळं. कुणालाही विचारा."

मॅडमनी थर्मासचं झाकण काढलं, परत लावलं. मग पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. कंपनीच्या नावाचं पत्र. खाली कुलथे साहेबांची सही.

"वाचा."

चाचणीत ज्या कामगारांमध्ये दोष आढळेल त्यांना फवारणीच्या कामावरून काढून रोपवाटिकेत किंवा पॅकिंगला, त्याच पगारावर घेण्यात येईल आणि त्यांच्या उपचाराचा खर्च कंपनी करील.

मी दोनदा वाचलं.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"साहेबांची अट होती. आधी कळलं तर सगळे हलक्या कामासाठी मुद्दाम नापास होतील म्हणाले. मी मान्य केलं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "कुणी मुद्दाम पास होईल असं मला वाटलंच नाही."

बाहेर बूट वाजले.

"मला ते नापास हवे होते, वैजयंता. एवढा एकच कागद हातात होता माझ्या. अजून वेळ गेलेली नाही. तुम्ही नुसतं हो म्हणा, शिकवलं म्हणा. हे कागद मी रद्द करते. सोमवारी येते, वेगळे प्रश्न आणते. औषधापासून दूर राहिले तर आहे ते तरी टिकेल. कदाचित थोडं परतही येईल. पण तुम्ही सांगितलं नाहीत तर कंपनी मला पुन्हा गेटच्या आत घेणार नाही. पास झाले म्हणतील, विषय संपला."

दार ढकलून अण्णा उभे होते. धुतलेला सदरा, त्याखाली गमबूट. हातात टोपी, मुठीत चुरगळलेली.

"काय झालं?" त्यांनी मला विचारलं. मॅडमना नाही. "पास न्हवं?"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या.

अण्णांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर फिरत होते, एका जागी ठरत नव्हते. मला ती पुसलेली पाटी आठवली. हो म्हटलं असतं तर सोमवारी त्यांनी पुन्हा मनातलं लिहिलं असतं. ते कागदावर राहिलं असतं, कुणीतरी वाचलं असतं, शिक्का मारला असता. मी वाचलं होतं तेवढं पुरे होतं.

"पास, अण्णा," मी म्हणाले. "तिघंही पास."

मग मॅडमकडे वळून मी म्हणाले, "मी काही शिकवलेलं नाही."

अण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली. उलटी. आणि बाहेर जाऊन लहूला ओरडून सांगितलं. लहूने शिट्टी वाजवली. त्या दिवशी मुकादमाने तिघांना पेढे दिले, आणि अण्णांनी आपला पेढा कागदात बांधून माझ्यासाठी आणला.

शिल्लक

मॅडमनी अहवालात लिहिलं की चाचणी विश्वासार्ह नाही, पुन्हा घ्यावी. कंपनीने पुन्हा घेतली नाही. नोटीस बोर्डावर मात्र टाइप केलेला कागद लागला : फवारणी विभागातील कामगारांमध्ये दोष आढळला नाही. तो कागद उन्हाने पिवळा होईपर्यंत तिथे होता.

अण्णांनी आणखी चार वर्षं औषध मारलं. फडकं मी बांधायचे. पहाटे त्यांच्याबरोबर जायचे, ते ज्या दारातून बाहेर येतील त्या दाराला फडकं बांधायचे, मग ग्रेडिंगला. एवढं सोडून मी दुसरं काही केलं नाही. मॅडमचा नंबर माझ्याकडे होता. चार वर्षं होता.

केदारी पाचव्या वर्षी घरातून भाजी आणायला गेला आणि हायवेवर चालत राहिला. दोन दिवसांनी सापडला, जिवंत, पण नाव सांगता येत नव्हतं. लहू घरीच असतो. कुणी काही बोललं की हसतो. न बोललं तरी हसतो.

आई पाच वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधी दवाखान्यात मला म्हणाली, "फडकं म्याच हलवायला लावलं तुला." मी म्हटलं, झोप आता.

प्रश्न सहावा, उरलेला

बारा वर्षांनी, जिल्ह्याच्या ठिकाणी. अण्णांच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी. लांबच लांब रांग, मग पंखा असलेली खोली, तीन डॉक्टर. त्यातला वयस्कर होता तो मायेने बोलत होता.

"बाबा, आज वार कोणता?"

"गुरवार."

डॉक्टरने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्या दिवशी खरोखरच गुरुवार होता.

"तारीख?"

"अठरा. जानेवारी. दोन हजार सात."

डॉक्टरने मान हलवून काहीतरी लिहिलं. मला ते पास होतायत की नापास हेच कळेना. आज ते नापासच व्हायला हवे होते. येताना एसटीत मी देवाकडे तेच मागितलं होतं.

"शंभरातून सात?"

ते पासष्टपर्यंत गेले, न थांबता. बाकीचे दोन डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागले. वयस्कर डॉक्टरने अण्णांपुढे कागद सरकवला, पेन दिलं. "मनात येईल ते एक वाक्य लिहा बघू."

अण्णांनी पेन धरलं. घरी त्यांना सदऱ्याचं बटण लावता येत नाही. मला बघून ते कधी अंग चोरतात, कधी पाणी मागतात. पण पेन त्यांनी नीट बोटांत धरलं आणि एका ओळीत, दोन्ही 'ठ' गोल काढून, लिहिलं : माझी तब्येत ठणठणीत आहे.

"अरे वा," तरुण डॉक्टर म्हणाला. "अक्षर काय सुंदर आहे बाबांचं. ताई, तुम्ही म्हणता तेवढं काही दिसत नाही."

"ते त्यांचं नाही," मी म्हणाले. "ते माझं आहे. मी शिकवलं. सगळं मी शिकवलंय. तो वार, ती तारीख, तो पाढा. कंपनीतल्या चाचणीसाठी शिकवलं. ते पास व्हावेत म्हणून."

मी भरभर बोलत होते. बारा वर्षांपूर्वी जिथे एक 'हो' पुरला असता तिथे मी आता थांबत नव्हते. सात नंबर, फडकं, पाटी, मॅडमचं पत्र, सगळं. वयस्कर डॉक्टरने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "बरं. मग शिकवलेलं नाही असं काही त्यांनी कधी लिहिलं होतं का?"

मी कागद ओढला. अण्णांच्या ओळीखाली, त्यांनी तेव्हा पाटीवर लिहिलं होतं अगदी तसं, त्यांच्याच शब्दांत लिहिलं :

मधी मधी वैजू कोन हाय ते मला कळत नाय.

डॉक्टर वाकून वाचणार होता. त्याच्याआधी अण्णा वाकले. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी ते वाचलं, ओठ हलवत, चौथीतल्या पोरासारखं. मग तळवा त्या ओळीवर ठेवला आणि पुसायला लागले. शाई होती, निघेना. ते जोर लावून पुसत राहिले. मग त्यांनी दाराकडे बघितलं, कुणी येत नाही ना ते पाहिलं, आणि माझ्या कानाशी येऊन, मला सांभाळून घेतल्यासारखं म्हणाले,

"असलं लिवायचं न्हाय, बाई. नापास करत्यात."